गुळगुळीत नळी : वऱ्हाडातलं काडतूस, शेत आणि कायदा



अमरावती-अकोल्याकडे शेतकऱ्यांच्या बैठकीत बसलं की तूर, सोयाबीन आणि कापसाच्या भावानंतर दुसरा विषय हमखास निघतो, तो रानडुकरांचा आणि रोह्यांचा. आणि तो निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘सर, सरकार आमाले चांगली बंदूक काहून देत नाही?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्यातला ‘चांगली’ हा शब्द फार अवघड आहे. चांगली म्हणजे कशासाठी चांगली? न्यायदर्शनात जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत चौथा पदार्थ ‘प्रयोजन’ आहे. प्रमाण, प्रमेय, संशय आणि मग प्रयोजन. ज्या हेतूनं माणूस कृतीला लागतो तो हेतू. तो ठरल्याशिवाय वस्तू चांगली की वाईट, हे सांगता येत नाही. काडतुसाला हा नियम अगदी तंतोतंत लागू पडतो.

काडतुसाची प्रयोजनं आपण तीन धरू. एक खेळ, म्हणजे नेमबाजी. दुसरं पिकाची राखण. तिसरं जिवाचं रक्षण. युद्ध हे चौथं, पण ते नागरिकाचं नव्हे, राज्याचं. आज आम्हांला सांगायचं आहे ते एवढंच, की आपल्या देशात नागरिकाच्या हातातलं काडतूस या तीन प्रयोजनांनी फारसं ठरलंच नाही. ते चौथ्यानं ठरवलं. राज्याच्या हातात जे आहे, ते प्रजेच्या हातात असू नये, या एका भीतीनं ठरवलं. आणि तरीही त्या भीतीतून निघालेली एक गोष्ट वऱ्हाडच्या रानाला काही अंशी मानवली. हे कसं झालं, ते पाहू.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पिस्तूलही त्यांचंच. ‘बंदूक’ अरबीतून आली आणि तिथे मूळ शब्दाचा अर्थ छोटी गोल गोळी असा. काडतुसात चार गोष्टी असतात: पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि पुढे गोळी किंवा छर्रे. नळीची रुंदी म्हणजे बोर. ती मोजण्याच्या पद्धती दोन. रायफल-पिस्तुलाचा बोर इंचाच्या भागात सांगतात: पॉइंट २२, पॉइंट ३२, पॉइंट ३०३. छर्ऱ्याच्या बंदुकीचा बोर मात्र जुन्या हिशेबानं सांगतात. नळीत नेमकी बसेल अशा शिशाच्या १२ गोळ्या मिळून एक पौंड भरत असतील, तर ती बारा बोअर. म्हणून या हिशेबात आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटर रुंद असते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. रायफलीच्या नळीत आतून पीळ घातलेल्या खाचा असतात. त्यांनी गोळीला गरगर फिरकी मिळते, आणि फिरकी मिळालेली गोळी सरळ आणि लांब जाते. ज्या नळीत खाचा नाहीत ती गुळगुळीत नळी. आमच्या व्याख्यानाचं नाव तिच्यावरूनच ठेवलं आहे.

आता इतिहासाकडे येऊ, आणि तो आपल्याच मातीतून सुरू करू. २९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रानात आर्थर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढली. मग १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. त्या इंग्रजी शिपायाच्या हातातली बंदूक गुळगुळीत नळीची, पॉइंट ७५ इंचाची, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरची. नेम लागला तर पाऊणशे-शंभर पावलांत, पुढे सगळं दैवाधीन.

तिथून सैन्याचा बोर कसा लहान होत गेला बघा. १८५३ च्या एनफिल्डमध्ये तो पॉइंट ५७७ झाला आणि नळीत खाचा आल्या. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीत पॉइंट ४५०. १८८८ मध्ये पॉइंट ३०३. म्हणजे १९ मिलिमीटरवरून पावणेआठवर, अवघ्या ८५ वर्षांत. नळी लहान झाली म्हणून बंदूक दुबळी झाली का? उलट झालं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यानं बिनधुराची दारू तयार केली. तिच्यामुळे गोळीचा वेग खूप वाढला. आणि गोळीतली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. लहान, वेगवान गोळी हेच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सामर्थ्याचं माप ठरलं.

मग सैन्यानं टाकलेल्या त्या जुन्या, रुंद, गुळगुळीत मापाचं काय झालं? ते शेतकऱ्याकडे आणि पाखरं मारणाऱ्याकडे राहिलं. आज वऱ्हाडातल्या एखाद्या घरात परवान्याची बारा बोअर असेल, तर तिची नळी अडगावच्या शिपायाच्या बंदुकीएवढीच रुंद आहे, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. हा योगायोग नव्हे, यामागे धोरण आहे.

ते धोरण १८५७ नंतर आकाराला आलं. त्या वर्षीचं एक काडतूस आपल्याला शाळेपासून माहीत आहे: एनफिल्डचं, कागदी गुंडाळीचं, गाय-डुकराची चरबी लावल्याचा संशय असलेलं, दातांनी तोडायचं. पण त्याच १८५७ मध्ये दुसरं एक काडतूस जन्माला आलं. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट २२ चं धातूच्या पुंगळीचं काडतूस बाजारात आणलं. ते लोकांनी खिशात बाळगलं ते जिवाच्या रक्षणासाठी. आज जगभर ज्या काडतुसावर मुलं नेमबाजी शिकतात, ते पॉइंट २२ लाँग रायफल त्याच कुळातलं, १८८७ चं. म्हणजे जे रक्षणासाठी जन्मलं ते खेळाचं झालं. प्रयोजन वस्तूच्या पोटात बसलेलं नसतं, माणसं ते ठरवतात, ते याला म्हणायचं.

इकडे हिंदुस्थानात उठाव शमल्यावर इंग्रजांनी काय केलं? खाचांच्या एनफिल्ड रायफली गोऱ्या पलटणींकडे ठेवल्या आणि देशी शिपायांना १८५८ च्या नमुन्याच्या बंदुका दिल्या. दिसायला एनफिल्डसारख्याच, पण नळी गुळगुळीत. म्हणजे शिपाई आपला, पगार आपला, पण नेम आपल्यापेक्षा कमी लांबचा हवा. पुढे पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठीही हेच झालं. थ्री-नॉट-थ्रीच्या रायफलींच्या नळ्या आतून कातून पॉइंट ४१० च्या गुळगुळीत केल्या. अविश्वासाला जर काही आकार असेल, तर तो या कातलेल्या नळीचा आहे.

१८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि नळी एकाच वर्षी बांधली गेली. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपीय माणसाला त्यातून सूट होती. वऱ्हाड तेव्हा नावानं निजामाचं आणि कारभारानं इंग्रजांचं. १८५३ च्या तहानं ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं आणि ब्रिटिश मुलखातले कायदे इथे हुकूम काढून लागू केले जात. त्याच काळात मेळघाटात गोरे साहेब दुनळी रायफली घेऊन वाघ मारत होते. पायथ्याच्या गावातला कुणबी मात्र गोफण घेऊन मचाणावर जागल करीत होता. फासेपारधी फासे लावून हरणं धरीत होते, त्यांच्या हातात तर काडतूस नव्हतंच. तरी १८७१ च्या कायद्याखाली पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं गेलं.

पुढची पायरी आणखी बारीक आहे. बंदूक बांधली तरी काडतूस हिंडतं, हे सरकारच्या लक्षात आलं. सैन्याचं काडतूस चोरून नागरिकाच्या बंदुकीत घालता आलं किंवा नागरिकाचं सैन्याच्या रायफलीत घालता आलं, तर कायदा पोकळ. म्हणून १९०७ मध्ये पॉइंट ४५० च्या काडतुसांना हिंदुस्थानची दारं बंद झाली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच पॉइंट ४६५, पॉइंट ४७० अशी शेजारची मापं काढली. हत्ती आणि गवा यांना त्या फरकाचं सोयरसुतक नव्हतं, फरक कायद्याला हवा होता. पॉइंट ३०३ ही नागरिकाला वर्ज्य. मग बीएसए कंपनीनं हिंदुस्थानसारख्या मुलखांसाठी पॉइंट ३१५ ची रायफल काढली. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखरचं. पॉइंट ३०३ हून ते चांगलं म्हणून निवडलं नव्हतं. ते पॉइंट ३०३ नव्हतं, म्हणून निवडलं. स्वतंत्र भारतात इशापूरच्या कारखान्यानं हीच रायफल पुढे चालवली आणि तिच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असतात. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, १८६९ पासूनची आपल्या खडकीची. ऑस्ट्रियाच्या बादशहाचं माप पुण्याच्या खडकीत आजतागायत जिवंत राहिलं, ते १८५७ च्या भीतीमुळे.

या कायद्याचा राग किती खोल होता, याची दोनच उदाहरणं देतो. अहिंसेचे आचार्य महात्मा गांधी, पण १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरती करताना काढलेल्या पत्रकात त्यांनी इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांत या कायद्याला अगदी वरचं स्थान दिलं. आणि १९२७ मध्ये आपल्या शेजारी नागपुरात जनरल मंचरशा आवारी यांनी याच कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला, उघड्या तलवारी घेऊन. गांधीजींना ती रीत पटली नाही, पण मुद्दा दोघांचा एकच होता: सरकारला आपल्या प्रजेचं भय वाटतं.

आता खरी गंमत. स्वातंत्र्य आलं, १९५९ मध्ये नवा शस्त्रकायदा झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्याचं तेरावं कलम वाचा. आम्ही सुरुवातीला सांगितलेली तिन्ही प्रयोजनं तिथे नावानिशी आहेत, आणि प्रत्येकाला एकेक नळी नेमून दिलेली आहे. रक्षण किंवा शिकारीच्या छंदासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि ती अपुरी आहे असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीसाठी पॉइंट २२ किंवा हवेची रायफल. कायद्यात प्रयोजन आलं, ही मोठी गोष्ट आहे. पण शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं? ठासणी. तोंडातून दारू भरा, वर चिंधी कोंबा, छर्रे टाका, गजानं ठासा, कानावर टोपी बसवा आणि मग घोडा ओढा. पावसाळी रात्री दारू सर्दावली तर बार निघतच नाही. तिन्ही प्रयोजनांत सर्वांत जुनं हत्यार पिकाला मिळालं.

आता ही काडतुसं शेजारी-शेजारी ठेवून पाहू. आकडे ढोबळ आहेत, काडतुसागणिक थोडे बदलतात.

पॉइंट २२ लाँग रायफलची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, ऊर्जा १४० जूल. पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरची गोळी सव्वासहा ग्रॅमची, पण वेग सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर, ऊर्जा दीडशे-पावणेदोनशे जूल. म्हणजे खेळाचं काडतूस आणि जिवाच्या रक्षणाचं काडतूस ऊर्जेत जवळजवळ शेजारी आहेत. पॉइंट ३१५ ची गोळी पावणेसोळा ग्रॅमची, वेग सहाशे मीटर, ऊर्जा सुमारे २,९०० जूल. बारा बोअरमध्ये तीसेक ग्रॅम शिसं साडेतीनशे-चारशे मीटर वेगानं निघतं, एकूण ऊर्जा दोन हजार जूलच्या घरात, पण ती छर्ऱ्यांत वाटली जाते. आणि एक तुलना मुद्दाम करतो. सैन्याच्या इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी, जी काडतुसं आपल्या शेजारच्या वरणगावात होतात, ती रुंदीनं पॉइंट २२ च्या गोळीएवढीच. पण वेग ९०० मीटरच्या वर, ऊर्जा दहा-बारा पट. म्हणून नुसता बोर ऐकून काडतुसाची तुलना करू नये.

पण शेतासाठी ऊर्जेपेक्षा मोठा प्रश्न दुसराच आहे: चुकलेली गोळी कुठे जाते? नेमबाजीच्या मैदानावर पाठीमागे मातीचा बांध असतो. पूर्णेच्या खोऱ्यात बांध कुठला? खारपाणपट्टा म्हणजे तळहातासारखं सपाट रान. पॉइंट २२ ची इवलीशी गोळीही दीड मैलापर्यंत धोक्याची असते, पॉइंट ३१५ ची त्याहून खूप पुढे जाते. त्या वाटेत दुसऱ्याचा गोठा आहे, पांदण आहे, पलीकडच्या शेतात जागलीला आलेला माणूस आहे. छर्ऱ्याची बंदूक मात्र पस्तीस-चाळीस मीटरांपुढे कामाची नाही आणि तिचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत जमिनीवर पडतात. आम्ही मघाशी म्हटलं ना, की अविश्वासातून आलेली गुळगुळीत नळी वऱ्हाडच्या रानाला काही अंशी मानवली, ते या कारणानं. इंग्रजानं ती दिली आपल्या जिवाच्या भीतीनं, आणि तिनं राखला शेजारच्या शेतकऱ्याचा जीव. इतिहासात वाईट हेतूतून बरं फळ कधी कधी असं निघतं. पण म्हणून हेतू बरा होता, असं कुणी समजू नये.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बारीक छर्ऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर येतं. मोठे छर्रे, ज्याला एसजी म्हणतात, ते एका औंसात आठच बसतात. जवळून ते काम करतात, पण मग अंधारात जवळ जावं लागतं. आणि अंधारात तूर हलली म्हणून चाप ओढला आणि पलीकडे माणूस निघाला, अशा दुर्घटना आपल्या राज्यात घडलेल्या आहेत.

त्यात १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता, मेळघाटाचा वाघ त्यामुळेच आज आहे. पण त्यानं एक विचित्र स्थिती तयार केली. पीकराखणीची बंदूक एका कायद्यानं मिळते, आणि जनावर दुसऱ्या कायद्याखाली संरक्षित. रानडुक्कर आणि रोही आधी तिसऱ्या अनुसूचीत होते, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर अकराव्या कलमाखाली वनखात्याचा अधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. पण बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. बासष्टाव्या कलमाखाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरता एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहारमध्ये २०१५ च्या अखेरीस रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत तसं केलं गेलं. ‘उपद्रवी’ हा जनावराचा गुण नव्हे. ती सरकारी पत्रकातली, मुदत असलेली एक नोंद आहे.

परिणाम काय झाला? ठासणीची बंदूक हळूहळू फक्त आवाजाचं यंत्र झाली. हवेत बार काढायचा आणि कळप पांगवायचा. मग तेवढ्यासाठी परवाना, पोलीस ठाणं, निवडणूक लागली की बंदूक जमा करणं, हे सगळं कशाला? सुतळी बॉम्ब तेच काम करतो. आता सौर कुंपणाची झटका मशीनं गावोगाव दिसतात. ती झटका देतात, जीव घेत नाहीत. कुणी मात्र तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतो, आणि तिथे जनावराइतकाच माणूस मरतो. तो गुन्हा आहे, आणि कोणत्याही काडतुसाहून भयंकर आहे.

तिसरं प्रयोजन, जिवाचं रक्षण. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्यानं स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं पॉइंट ३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. भाव पाहिला की कळतं, रोजमजुरी करून संध्याकाळी पायी घरी येणाऱ्या बाईसाठी ते नव्हतं. भीती जिला सर्वांत जास्त, तिच्या आवाक्यात ते सर्वांत कमी. तिला रिव्हॉल्व्हरपेक्षा रस्त्यावरचा दिवा आणि वेळेवर येणारी एसटी जास्त राखते, असं आमचं मत आहे.

राहिला खेळ. तीन प्रयोजनांत हेच एक असं आहे, जिथे कायदा, नळी आणि हेतू यांचं नीट जुळलं. आमच्या पिढीनं एनसीसीच्या मैदानावर पोटावर झोपून पॉइंट २२ च्या पाच गोळ्या मोजून झाडल्या, आणि पुंगळ्या मोजून परत दिल्या. आज कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच पॉइंट २२ नं ५० मीटरवरून कांस्यपदक आणतो. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याही कोल्हापूरच्याच. आपल्या अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ पासूनची परंपरा आहे. लाठी, मल्लखांब, लेझीम यांनी तिनं १९३६ मध्ये बर्लिन पाहिलं. शरीर आणि शिस्त यांची ती समज असलेल्या गावात नेमबाजी रुजायला काय हरकत आहे?

म्हणून शेतकऱ्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं देऊ. चांगली बंदूक मागण्याआधी प्रयोजन नीट मांडा. पीक वाचवणं हे प्रयोजन असेल, तर मागणी कुंपणाची करा, नुकसानभरपाई वेळेत आणि पुरती मिळण्याची करा, आणि जिथे मारणं खरंच अटळ आहे तिथे परवानगी लवकर मिळण्याची आणि ते काम शिकलेल्या नेमबाजांनी करण्याची करा. हत्ती-गव्याला पुरेल एवढं काडतूस प्रत्येक बांधावर आलं, तर डुकरं कमी होतील की शेजारी, हे सांगणं कठीण आहे. आणि सरकारलाही एक प्रश्न विचारावा लागेल. १८५८ मध्ये प्रजेच्या भीतीनं गुळगुळीत केलेली नळी आपण स्वतंत्र देशाच्या कायद्यात तशीच ठेवली. ती ठेवण्याचं चांगलं कारण आहे, पण ते कारण शेजाऱ्याचा जीव हे आहे, नागरिकावरचा अविश्वास नव्हे. हे सरकारनं शेतकऱ्याला समोर बसवून, त्याच्या भाषेत, एकदा तरी सांगितलं आहे का?

नियम तोच राहील, पण कारण बदललं की माणसाची मान बदलते. प्रजा म्हणून ऐकलेला नियम आणि नागरिक म्हणून पटलेला नियम यांत एवढाच फरक असतो, आणि तो फार मोठा असतो.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.